दऱ्या आणि दर्या : दूरस्थ अध्यापनाच्या आज्ञावल्यांची एक भाषिक परीक्षा

दूरस्थ अभ्यासक्रम चालविणाऱ्या प्राध्यापकाच्या हाती आज ज्या संगणकीय आज्ञावल्या आल्या आहेत, त्यांचे परीक्षण आपल्याकडे बहुधा एकाच पद्धतीने केले जाते. व्याख्यान मुद्रित करून ठेवण्याची सोय आहे काय, हजेरीची नोंद आपोआप होते काय, एका वेळी किती विद्यार्थी वर्गात बसू शकतात, अशा सोयींची मोजदाद करावयाची आणि जिच्या नावापुढे अधिक खुणा पडतील ती आज्ञावली श्रेष्ठ ठरवावयाची, ही ती पद्धती होय. या मोजदादीत एक रकाना मात्र आढळत नाही. विद्यार्थ्याने मराठीत लिहिलेले उत्तर ही आज्ञावली ‘वाचते’, म्हणजे नेमके काय करते, हा तो रकाना. प्रस्तुत लेखात एवढ्या एकाच प्रश्नाचा विचार करावयाचा आहे. प्रश्न दिसावयास लहान आहे. परंतु त्याच्या उत्तरावर विद्यार्थ्याचे गुण अवलंबून असतात, आणि पुढे दिसून येईल त्याप्रमाणे, त्याने मराठीत वाक्य लिहावे की न लिहावे हेही त्यावरच अवलंबून राहते.

भंडारा जिल्ह्यात हा विषय केवळ तात्त्विक नाही. लाखांदूर, पवनी, साकोली, तुमसर या तालुक्यांतील कित्येक विद्यार्थ्यांना रोज महाविद्यालयात येणे शक्य होत नाही. धानाच्या रोवणीच्या दिवसांत तर वर्गाचा पट निम्मा कोरा असतो. १९८९ साली नाशिक येथे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झाले आणि ‘ज्ञानगंगा घरोघरी’ हे ब्रीद घेऊन छापील स्वयंअध्ययनाची पुस्तके खेडोपाडी पोचू लागली. त्या व्यवस्थेत विद्यार्थी दूर असला तरी त्याची उत्तरपत्रिका शेवटी कोणा तरी परीक्षकाच्या डोळ्यांसमोर येत असे. अक्षर वेडेवाकडे असो, र्‍हस्वदीर्घ चुकलेले असो, वाचणारा माणूस होता. २०१७ साली केंद्र शासनाचे ‘स्वयम्’ हे व्यासपीठ सुरू झाले. २०२१ च्या विनियमांन्वये विद्यापीठ अनुदान आयोगाने एका सत्रातील ४० टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रम त्यावरून पूर्ण करण्यास मुभा दिली. आणि मधल्या काळात २०२० च्या टाळेबंदीने सर्वच प्राध्यापकांना इच्छा असो वा नसो या वाटेवर आणून सोडले. अंतर पूर्वीही होते. नवीन गोष्ट घडली ती ही की, उत्तराचा पहिला वाचक आता माणूस राहिला नाही.

माझ्या वर्गातील एक प्रसंग सांगितल्यावाचून पुढील विवेचन स्पष्ट होणार नाही. आमचा वर्ग ज्या प्रणालीवर भरतो तिचे नाव येथे प्रयोजनाचे नाही, कारण दोष तिचा नव्हे, बव्हंशी माझाच होता. मराठीच्या स्वनिमविचारावर एक छोटी प्रश्नमंजूषा मी घातली होती. तीत एक प्रश्न असा : ‘दर्या’ या शब्दाशी लघुतम भेदाने जोडी जुळेल असा, ‘दरी’ या शब्दापासून बनणारा शब्द लिहा. उत्तर अर्थातच ‘दऱ्या’. पवनी तालुक्यातील एका विद्यार्थिनीने ते बरोबर लिहिले. यंत्राने त्यावर फुली मारली, आणि खाली शिरस्त्याप्रमाणे छापले : योग्य उत्तर – दऱ्या. तिने पडद्याचे छायाचित्र काढून मला पाठविले आणि एवढेच विचारले, “सर, माझं उत्तर आणि तुमचं उत्तर एकच आहे, मग चूक कोणती?”

मी ते दोन शब्द एकमेकांखाली ठेवून बराच वेळ पाहत राहिलो. डोळ्यांना काहीच भेद दिसेना. भेद होता तो अक्षरात नव्हता, अक्षरामागील संकेतांत होता. तो छापून दाखविता येत नाही, कारण छपाईत दोन्ही रूपे सारखीच उमटतात. म्हणून तो शब्दांनीच सांगितला पाहिजे.

‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ यांत मराठी माणूस उच्चाराने सहज भेद करतो. ‘दर्या’ म्हणताना पहिले अक्षर ‘दर्’ असे बंद होते, त्यावर आघात येतो; ‘दऱ्या’ म्हणताना ‘द’ मोकळा राहतो आणि र व य हे दोन्ही पुढच्या अक्षरात जातात. ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ ही जोडी व्याकरण शिकविणारे सर्वच जण वर्गात सांगतात व त्यावर हशाही पिकतो. हा भेद दाखविण्यासाठी मराठीने आडव्या वळणाचा अर्धा र जपला आहे. हिंदीस त्याची गरज भासत नाही. नेपाळीत तो आहे. वऱ्हाड, कऱ्हाड, बिऱ्हाड, तऱ्हा आणि आमच्या भागात आषाढ लागला की ज्याच्यावाचून बोलणे होत नाही तो ‘पऱ्हे’ हा शब्द, या सर्वांत हेच चिन्ह आहे.

आता युनिकोड या जागतिक संकेतपद्धतीत हा आडवा र दोन मार्गांनी लिहिता येतो. पहिल्या मार्गात ‘ऱ’ हा स्वतंत्र वर्ण घेऊन त्यास हलन्त जोडावयाचा व पुढे ‘य’ लिहावयाचा. दुसऱ्या मार्गात साधा ‘र’, मग हलन्त, मग डोळ्यांना न दिसणारे, शून्य रुंदीचे एक जोडचिन्ह, आणि मग ‘य’. हा दुसरा मार्ग युनिकोडच्या दुसऱ्या आवृत्तीशी, म्हणजे १९९६ सालच्या व्यवस्थेशी, सुसंगती राखण्यासाठी ग्राह्य मानलेला आहे. पडद्यावर परिणाम एकच. संकेतांची माळ मात्र भिन्न. माझी उत्तरसूची मी जुन्या टंकातील टिपणांचे युनिकोडमध्ये रूपांतर करून तयार केली होती, आणि रूपांतर करणाऱ्या आज्ञावलीने दुसरा मार्ग स्वीकारला होता. विद्यार्थिनीच्या मोबाइलचा कळफलक पहिल्या मार्गाने जाणारा होता. तिच्या गुणाचा निर्णय तिच्या ज्ञानाने झाला नाही, कळफलकाने झाला. दुसऱ्या जातीचा कळफलक वापरणाऱ्या तिच्या वर्गबंधूंचे तेच उत्तर बरोबर ठरले होते, हे मागाहून तपासता आढळून आले.

हे झाल्यावर या आज्ञावल्या उत्तरांची तुलना कशा करतात, हे मुळातून पाहणे मला अवश्य वाटले. यासाठी ‘मूडल’ ही प्रणाली सोयीची आहे. ऑस्ट्रेलियातील पर्थ येथील मार्टिन डूगियामास यांनी ती रचली व २००२ साली तिची पहिली आवृत्ती प्रसिद्ध केली. तिचे मूळ लेखन सर्वांस खुले असल्याने ती काय करते यावर तर्क करीत बसावे लागत नाही. उघडून वाचता येते. माझ्या मते हा तिचा सर्वांत मोठा गुण होय. व्यापारी प्रणालींच्या बाबतीत परीक्षकाला दाराबाहेरूनच अभिप्राय द्यावा लागतो.

मूडलमधील लघूत्तरी प्रश्नात शिक्षकाने दिलेले उत्तर व विद्यार्थ्याचे उत्तर या दोन संकेतमाळा ताडून पाहिल्या जातात. न्यायाने सांगितले पाहिजे की, तिच्या रचनाकारांनी या प्रश्नाचा विचार केलेला आहे. ताडण्यापूर्वी ती दोन्ही माळा युनिकोडने ठरविलेल्या समरूप स्वरूपात आणते. त्यामुळे ‘ऱ’ हा कोणी एका संकेताने लिहिला काय किंवा ‘र’ खाली नुक्ता देऊन लिहिला काय, दोन्ही एकच मानले जातात. पण युनिकोडने जी रूपे परस्परांची समरूपे म्हणून घोषित केली आहेत तेवढ्यांपुरतीच ही उदारता आहे. आडव्या र च्या वर सांगितलेल्या दोन माळा त्या यादीत नाहीत. साहित्यशास्त्राच्या प्राध्यापकांचे नित्याचे ‘ॲरिस्टॉटल’ हे उत्तर घ्या. त्याचा आद्य स्वर कोणी ‘अ’ ला वर चंद्र जोडून लिहितो. कोणी त्यासाठी २००८ साली युनिकोडच्या ५.१ या आवृत्तीत आलेला स्वतंत्र संकेत वापरतो. दिसण्यात फरक नाही, आणि तरीही समरूपांच्या यादीत ही जोडी नाही. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने लिपी व वर्णमाला प्रमाणित केली, तीत ‘ॲ’ ला स्थान दिले. परंतु शासननिर्णय वर्णाचे रूप ठरवितो, त्याच्या मागील संकेतमाळ विद्यार्थ्याच्या कळफलकापर्यंत जाऊन ठरवीत नाही.

याच विषयावर एका संगणकतज्ज्ञ मित्राशी बोलताना त्याने तत्काळ एक उपाय सुचविला. ताडण्यापूर्वी सगळी अदृश्य चिन्हे गाळून टाकावीत, म्हणजे भांडण मिटेल. उपाय इतका सरळ वाटला की मीही प्रथम मान डोलावली. वस्तुतः हा उपाय रोगाहून वाईट आहे. ‘र, हलन्त, अदृश्य जोडचिन्ह, य’ या माळेतून अदृश्य चिन्ह काढले की शिल्लक राहते ते ‘र्य’, आणि ‘दऱ्या’ लिहिणाऱ्या विद्यार्थ्याच्या पदरी ‘दर्या’ पडतो. म्हणजे ज्या भेदावर प्रश्न विचारला तो भेदच यंत्र पुसून टाकते, आणि बरोबर उत्तर लिहिणाऱ्यास त्याने प्रश्नातील शब्दच पुन्हा लिहिला असे दाखविते. स्वयंपाकाच्या आचाऱ्यास आचार्यपद देणारी ही सफाई आहे. मजकूर ‘स्वच्छ’ करणाऱ्या पुष्कळ आज्ञावल्यांत असले गाळणे सर्रास केले जाते, कारण ज्या भाषांसाठी त्या प्रथम रचल्या गेल्या त्यांत अदृश्य चिन्ह खरोखरच केरकचरा असते. मराठीत तसे नाही. येथे अदृश्य चिन्ह अर्थभेद वाहून नेते. योग्य क्रम असा की, आधी ‘र, हलन्त, जोडचिन्ह’ या माळेचे ‘ऱ, हलन्त’ या माळेत रूपांतर करावे आणि त्यानंतर उरलेली अदृश्य चिन्हे गाळावीत. दोनच ओळींचे हे काम आहे. परंतु त्या दोन ओळींचा क्रम ठरविण्यास संगणकशास्त्र पुरे पडत नाही, स्वनिमविचार लागतो.

यावरून मराठी उत्तरांतील विविधतेचे तीन थर वेगळे केले पाहिजेत असे मला वाटते. पहिला थर केवळ संकेतांच्या भेदाचा. त्यास भाषिक अर्थ काहीही नाही. तो यंत्राने विनातक्रार एक मानलाच पाहिजे. दुसरा थर लेखननियमांनी स्वतःच मोकळा ठेवलेल्या विकल्पांचा. १९६२ साली शासनाने स्वीकारलेल्या शुद्धलेखनाच्या नियमांत तत्सम शब्दांतील अनुस्वाराऐवजी परसवर्ण लिहिण्यास मुभा आहे. ‘अनुबंध’ आणि ‘अनुबन्ध’ दोन्ही शुद्ध. नियमाने जे दोन्ही शुद्ध ठरविले त्यांतील एकास यंत्राने अशुद्ध म्हणावे हा अधिकार त्यास कोणी दिला, हे विचारावयास हवे. तिसरा थर खऱ्या लेखनभेदांचा व बोलीभेदांचा. झाडीच्या मुलखातील मुलगा ‘पाणी’ न लिहिता ‘पानी’ लिहितो. त्याच्या बोलीत ‘ण’ चे स्थान ‘न’ घेतो. या बोलीचा अभ्यास साकोलीकडील डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी आस्थेने केला आहे व झाडीबोलीचे साहित्यही आज उभे आहे. ‘पानी’ हे उत्तर बरोबर मानावे की चूक? प्रमाणलेखनाची परीक्षा असेल तर चूक. बोलीविज्ञानाची असेल तर कदाचित तेच बरोबर. इतिहासाची असेल तर हा प्रश्नच उद्भवू नये. म्हणजे हा निर्णय प्रश्नागणिक बदलतो आणि तो शिक्षकानेच केला पाहिजे. आज या आज्ञावल्यांच्या दृष्टीने तिन्ही थर एकच आहेत. जुळत नाही ते चूक, एवढेच त्यांना ठाऊक. जो विद्यार्थी अज्ञानाने चुकला, जो आपल्या बोलीत बरोबर होता आणि ज्याचा कळफलक निराळा होता, त्या तिघांपुढे एकच फुली.

तात्पुरती वाट मूडलमध्येच आहे. एका प्रश्नास शिक्षक हवी तितकी ग्राह्य उत्तरे देऊ शकतो, प्रत्येकास निराळे गुण लावू शकतो, आणि परीक्षा होऊन गेल्यावर उत्तरांची यादी पाहून तीत भर घालून सर्वांचे पुनर्मूल्यांकनही करू शकतो. ही शेवटची सोय फार मोलाची आहे व तिचा उपयोग फार थोडे प्राध्यापक करतात. कारण स्वाभाविक आहे. यंत्राने गुण दिले की काम संपले, अशा समजुतीनेच तर यंत्र आणलेले असते.

या साऱ्याचा जो परिणाम मला सर्वाधिक चिंतेचा वाटतो तो मात्र वेगळाच आहे. लघूत्तरांत असे घोटाळे होतात हे एकदा अनुभवास आले की प्राध्यापक लघूत्तरेच विचारीनासा होतो. तो चार पर्यायांकडे वळतो, कारण गोलावर टिचकी मारण्यात ऱ आणि र चा वाद नाही. २०२० व २०२१ साली महाराष्ट्रातील विद्यापीठांच्या ऑनलाइन परीक्षा बव्हंशी बहुपर्यायी प्रश्नांच्या झाल्या. त्या वेळी ते आपद्धर्म म्हणून क्षम्य होते. परंतु दूरस्थ अभ्यासक्रमांत तो आपद्धर्म आता नित्यधर्म होऊन बसला आहे. मराठी विषय घेऊन पदवी मिळविणारा विद्यार्थी एखादा संपूर्ण अभ्यासक्रम मराठीत एकही वाक्य न लिहिता उत्तीर्ण होऊ शकतो, ही स्थिती माझ्या मते भाषाविभागांनी मुकाट्याने पाहत राहावी अशी नाही. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीस अभिजात भाषेचा दर्जा देण्याचा निर्णय झाला तेव्हा आपण सत्कार-समारंभ पुष्कळ केले. पर्याय क्रमांक ‘क’ निवडणे हे काही लेखन नव्हे.

निबंधात्मक प्रश्नाचा पर्याय आज्ञावल्यांत आहे व तेथे वाचक शिक्षकच असतो, असे यावर म्हटले जाईल. ते खरे आहे. पण शेकडो विद्यार्थ्यांच्या दूरस्थ वर्गात दर आठवड्यास निबंध तपासणे एका प्राध्यापकाकडून होत नाही. एका शब्दाचे, एका वाक्याचे, यंत्राने प्रथम चाळलेले आणि शिक्षकाने शंकास्थळी पाहिलेले असे मधले लेखन असावयास हवे. ती मधली पायरीच आज मोडकी आहे.

प्रत्यक्ष व्याख्यानाच्या साधनांविषयी थोडक्यातच लिहितो. ‘बिगब्लूबटन’ हे कॅनडात जन्मलेले खुले साधन २०२२ सालच्या ४.० या आवृत्तीपासून मूडलमध्येच अंतर्भूत झाले आहे आणि ते चांगले आहे. जाळे क्षीण असलेल्या गावातील मुले आपले चित्र व ध्वनी बंद ठेवून बसतात. त्यामुळे कीर्तनकाराला, कथा सांगणाऱ्या आजीला आणि शिक्षकाला ज्याच्या आधाराने पुढचे वाक्य सुचते तो श्रोत्यांचा ‘हं’ ऐकू येत नाही. त्यास कोणत्याही आज्ञावलीजवळ उपाय आहे असे मला आढळले नाही.

या साधनांच्या पडद्यावरील मराठीविषयी मात्र दोन शब्द अधिक. मूडलचे भाषांतर जगभरचे स्वयंसेवक करतात व मराठीचेही भाषांतर त्यांत आहे. त्या अनामिकांचे श्रम नाकारण्याचे कारण नाही. अडचण भाषांतरकाराची नसून साच्याची आहे. मूळ वाक्यात जेथे धड्याचे वा विद्यार्थ्याचे नाव यावयाचे तेथे एक रिकामी जागा सोडलेली असते आणि यंत्र तीत नाव जसेच्या तसे आणून बसविते. इंग्रजीत याने काही बिघडत नाही, कारण तेथे नामाचे रूप बदलत नाही. मराठीत विभक्तीचा प्रत्यय लागण्यापूर्वी नामाचे सामान्यरूप व्हावे लागते. ‘पहिला धडा’ या नावापुढे ‘मध्ये’ आला की आपण ‘पहिल्या धड्यामध्ये’ म्हणतो. यंत्र ‘पहिला धडा मध्ये’ असेच लिहिणार. ‘घटक’ चे ‘घटकासाठी’ होणार नाही, ‘घटक साठी’ होईल. शब्दश: अनुवाद करणाऱ्याने शुद्ध मराठी जाणूनही अशुद्ध मराठी छापली जाते ती यामुळे. यावर एक साधी युक्ती आहे. रिकाम्या जागेस प्रत्यय लागू देऊच नये; वाक्याऐवजी ‘धडा : पहिला धडा. गुण : ८’ अशी नोंदवजा रचना करावी. जमाखर्चाच्या वहीतील ही जुनीच शैली आहे आणि ती अस्सल मराठी आहे. त्याचप्रमाणे परीक्षेस बसण्याच्या एका खेपेस ‘प्रयत्न’ हा शब्द योजला, तर ‘तुमचा प्रयत्न संपला’ असे वाक्य वाचून विद्यार्थी खचतो. तेथे ‘खेप’ हाच शब्द पुरे आहे.

त्या विद्यार्थिनीस मी उत्तर पाठविले की, चूक तुझी नाही, माझ्या उत्तरसूचीची आहे. सूचीत दोन्ही माळा घालून सर्वांचे पुनर्मूल्यांकन केले आणि तिचा गुण तिला मिळाला. मागील दोन सत्रांत आणखी कोणाचे असे गुण गेले असतील, हे मी त्यानंतर तपासले. जुन्या प्रश्नमंजूषांच्या उत्तरसूच्या तेव्हा राखून ठेवलेल्या नव्हत्या, त्यामुळे त्या विद्यार्थ्यांपुरते काही करता आले नाही. सध्या काही विद्यार्थ्यांच्या साहाय्याने मी एक कोष्टक तयार करीत आहे. निरनिराळ्या मोबाइलांच्या कळफलकांवर तोच शब्द लिहावयास सांगावा, प्रत्येकाची संकेतमाळ नोंदवावी आणि ज्या रूपांत दिसण्याचा भेद नाही ती एका ओळीत मांडावीत, असे हे काम आहे. आडव्या र चे शब्द प्रथम घेतले आहेत. पहिला शब्द कोणता घ्यावा असे विचारले तेव्हा मुलांनी ‘वऱ्हाड’ न सांगता ‘पऱ्हे’ सांगितला.